मोडीत घालण्याआधी एकदा विचारा

या वेळी पत्रं लैच आली, फोटोही भरपूर आलेत, दिवाळीची आवराआवर सुरू झाली की दरवर्षी असंच होतं, माळ्यावरून सामान खाली येतं आणि घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते ठेवा, एक म्हणते काढून टाका. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न बऱ्याच जणांचे सारखे आहेत ते घेतले. भाव किती येईल हे फोटोवरून मी सांगत नाही, वस्तू हातात घेतल्याशिवाय जो भाव सांगतो त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

प्रश्न : आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत रुपये सापडले, एका बाजूला चारमिनार आहे आणि मागं उर्दूसारखं काहीतरी. काही रुपयांवर राणीचं तोंड आहे. दोनचार रुपयांना वर कडी लावलेली आहे. सोनार म्हणायलाय वजनावर घेतो, सगळे एकाच भावात. द्यावेत का? (एक वाचक, केज)

उत्तर : थांबा, एकाच भावात तर अजिबात देऊ नका. तुमच्याकडं दोन वेगळी नाणी आहेत आणि आपल्या मराठवाड्यात जुन्या माणसांना हा फरक तोंडपाठ होता. चारमिनारवाला तो हाली रुपया, म्हणजे निजामाचा, आणि राणीचा किंवा राजाचा तो कलदार, इंग्रजांचा. आपल्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दोन्ही चालायचे आणि हिशेब असा की सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब हवेतला नव्हता. हाली रुपयाचं वजन 11.18 ग्रॅमच्या आसपास आणि चांदी जवळपास 82 टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमच्या थोडी वर चांदी. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी, म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या जरा खाली. भागाकार करून बघा, सातास सहाच येतं. आता सोनार जर सगळे मिळून एका भावात घ्यायलाय तर तुमच्या कलदारांत तुम्ही बुडताय. आणि कलदारांतही साल बघा, 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली होती आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदीच नाही.

आता हाली रुपया ओळखायचा कसा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीक अक्षर असतं, ते 'ऐन' असेल तर उस्मान अली खानचं नाणं, म्हणजे 1911 नंतरचं, आणि 'मीम' असेल तर त्याच्या वडिलांचं, महबूब अलीचं, म्हणजे त्याआधीचं. साल हिजरी असतं, 1337 दिसलं तर ते साधारण 1918-19. मागच्या बाजूला हैदराबाद टांकसाळीचं नाव आणि राज्यावर बसून कितवं वर्ष चालू आहे तो आकडा. मोहल्ल्यात उर्दू वाचणारं कुणीतरी असतंच, त्यांना दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. ही यादी कागदावर करा, कोणत्या सालाची किती, मग विकायचं का ठेवायचं ते ठरवा. नेहमीच्या सालांची नाणी चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाहीत, हे मी आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही, पण एखादं कमी पाडलेलं साल निघालं तर संग्रह करणारा माणूस सोनारापेक्षा बरेच जास्त देतो. आणि चारमिनारचं नाणं पिवळं असेल तर ती अशर्फी असू शकते, सोन्याची, ती तपासल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

कडी लावलेल्या रुपयांना संग्राहक कमी भाव देतात कारण कडी जोडायला डाग देताना नाणं खराब होतं. पण ते आजीनं गळ्यात घातलेले आहेत. माझं मत विचाराल तर ते विकू नका, कडीही काढू नका.

अजून एक, आणि हे सगळ्यांसाठी. नाणी चिंचेनं, राखेनं, टूथपेस्टनं घासू नका!! वरचा काळसर थर म्हणजे घाण नाही, चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला रंग आहे, संग्राहक तोच बघतो, तो गेला की नाण्यावरची बारीक नक्षीही थोडी जाते आणि ती परत येत नाही. फारच माती असेल तर साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवा, सुती कापडानं टिपा, घासू नका. ठेवायला कागदी पाकिटं वापरा, मऊ प्लास्टिकच्या थैल्या नकोत, त्या चिकट होतात आणि नाण्याला हिरवं धरतं.

प्रश्न : माझ्याकडं ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं रामदरबार असलेलं नाणं आहे. एकजण म्हणतो कोटीत जाईल, फक्त आधी टेस्टिंगचे चाळीस हजार भरायचे आहेत. त्यानं नाण्याजवळ तांदूळ ओढला जातो असा व्हिडिओ पण दाखवला. काय करू? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : एक रुपयाही भरू नका. कंपनीनं 1818 साली असं रामदरबाराचं नाणं पाडलेलंच नाही. ही देवस्थानाबाहेर विकायची टोकनं आहेत, अलीकडची, त्यावर कुठलंही साल घालतात, 1616 सुद्धा बघायला मिळतं. तांदूळ ओढणारं नाणं म्हणून जे दाखवतात ती सरळ फसवणूक आहे, यात माणसांनी शेतं विकलेली आहेत. ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतात या जाहिरातींचंही तेच, रिझर्व्ह बँकेनं 2021 मधे स्वतः सांगितलं की आमचं नाव घेऊन जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी मागणाऱ्यांना भुलू नका. लक्षात ठेवा, खरा घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. त्या माणसाचा नंबर आणि मेसेज डिलीट न करता पोलिसांत जा, तुमच्यानंतर तो दुसऱ्या कुणाकडं जाणारच आहे.

प्रश्न : सासूबाईंचा लग्नातला शालू आणि त्यांच्या आईची पैठणी आहे. घड्यांवर विरली आहे, नेसता येत नाही. दारावर जुनी जर घेणारा येतो, तो चांगले पैसे देतो म्हणतोय. घरातले म्हणायलेत देऊन टाक, कपाटात पडून कुजण्यापेक्षा बरं. मला जिवावर आलंय. (एक वाचक, जालना)

उत्तर : ताई, तुमच्या जिवावर आलंय ते बरोबरच आहे. जरवाला ती पैठणी घेऊन काय करतो हे आधी ऐका. तो पदर आणि काठ कापतो, जाळतो, आणि राखेतून चांदी काढतो. जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी, वर सोन्याचं पाणी. त्याला फक्त ती चांदी दिसते. कुण्या विणकराचे महिनेच्या महिने त्या पदरात गेलेत, ते चुलीत जातात. मराठवाड्यातल्या, खुद्द पैठणच्या आसपासच्या किती पैठण्या अशा जळाल्या असतील याचा विचार आला की खरंच पोटात कालवतं, कारण ती नक्षी परत बघायला कुठंच मिळत नाही, तिचा फोटोही कुणी काढलेला नसतो.

म्हणून आधी फोटो काढा, उजेडात, पदराचा पूर्ण आणि जवळून. मग उलटी करून बघा. हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, मागं धागे लोंबत नाहीत, कारण नक्षीचा प्रत्येक रंग तिथल्या तिथं एकमेकात अडकवून विणलेला असतो. काठावर वेल असेल तर असावली, जुन्या साड्यांत ती खूप दिसते. जर खरी आहे का बघायला काठातला सुटलेला एखादा धागा घेऊन नखानं खरवडा, आत पांढरी चांदी दिसली तर खरी, लालसर तांबं दिसलं तर हलकी, आणि ज्योतीला धरल्यावर वितळून गोळा होत असेल तर प्लास्टिकची. पण त्यासाठी चांगला धागा ओढून काढू नका.

ठेवताना घडी घालू नका, विरते ती घडीवरच विरते. एक जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, तिला धुतलेलं मलमल गुंडाळा, त्यावर पैठणी सैल गुंडाळा, वरून परत मलमल. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते, अत्तर नको, प्लास्टिक पिशवी तर नकोच नको, पावसाळ्यात आत ओल धरते. ड्रायक्लीनला टाकायच्या आधी दहा वेळा विचार करा. अंगाचं कापड अगदीच गेलं असेल तर पदर वाचवा, मऊ सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचून फ्रेम करून घ्या, पण काच कापडाला चिकटता कामा नये आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. पदर कापून ब्लाऊज आणि पर्स शिवणारे हल्ली खूप झालेत, मला ते पटत नाही, ज्याची वस्तू त्याचा हक्क, पण विचारलंत म्हणून सांगितलं. आणि एका चिठ्ठीवर कुणाची, कोणत्या गावची, साधारण कधीची ते लिहून सोबत ठेवा. सासूबाई आहेत तोवर विचारून घ्या, आजच.

शेजारच्या परभणीहून हिमरूच्या शालीबद्दल विचारलंय, त्यांनाही ठेवण्याची हीच पद्धत.

प्रश्न : वडिलांकडं बिदरीची सुरई होती, पंजोबांच्या वेळची म्हणतात. मुलगा अमेरिकेत आहे, तो पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जाणार आहे. ती काळी आहे, चांदीचं काम मळलंय, पितांबरीनं घासून द्यावी म्हणतो. (एक वाचक, उदगीर)

उत्तर : काका, दोन्हीला थांबा. पितांबरी लावलीत की काळा रंग उतरेल आणि बिदरीत तो काळा रंगच सगळं काही आहे. धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. त्यात नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात वस्तू बुडवतात, तेव्हा जस्ताचा भाग काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. तुम्ही उदगीरला राहता, बिदर तुम्हाला हाकेच्या अंतरावर, एखाद्या जुन्या कारागिराला नेऊन दाखवा, तो नीट सांगेल. घरी फक्त मऊ कापडाला खोबरेल तेलाचा थेंब लावून पुसा, बास. नकली बिदरी लोखंडावर किंवा ॲल्युमिनिअमवर काळा पेंट मारलेली असते, लोहचुंबक लावा, खऱ्याला चिकटत नाही, ॲल्युमिनिअमची उचलल्याबरोबर हलकी लागते, आणि पेंट कडेला खपली धरून निघतो.

आता अमेरिका. 1972 चा कायदा आहे, पुरातन वस्तूंचा. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही, स्वतःच्या घरची असली तरी नाही. पंजोबांच्या वेळची म्हणजे शंभरी गाठलेली असणारच असं नाही, पण शंका आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नाही असं सर्टिफिकेट मिळतं, वस्तू दाखवून ते घ्या, मगच बॅगेत घाला. ते म्हणाले की पुरातन आहे, तर ती उदगीरलाच राहू द्या. मुलाला वाईट वाटेल पण एअरपोर्टवर जप्त होण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : घरात घंगाळ, तांब्याचा बंब, दोन हंडे, पितळी डबे आहेत. मोडीवाला किलोवर घेतो. जागा नाही. (एक वाचक, सेलू)

उत्तर : जागा नसेल तर सगळं ठेवा असं मी कुणाला म्हणत नाही. पण निवडा. हातानं ठोकलेलं भांडं उजेडात तिरकं धरलं की मठारल्याचे ठोके दिसतात, सांधा असेल तिथं दातेरी जोड दिसतो आणि कान रिव्हेटनं ठोकलेले असतात. असलं भांडं मोडीत घालू नका. ज्याच्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय ते तर नाहीच, त्यावर कुणाचं लग्न, कोणतं गाव, कधी शक कधी सन सगळं असतं, कित्येक घरांत पणजीचं नाव फक्त हंड्यावर उरलेलं असतं. साधे मशीनचे डबे द्या खुशाल. बंबाची तोटी आणि आतली नळी शाबूत असेल तर चालू बंब म्हणून विका, त्याला मोडीपेक्षा कितीतरी जास्त येतात. वापरणार असाल तर आतून कल्हई करून घ्या, बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेचं काही ठेवू नका. आणि धान्य मापायची पायली, आधोली, चिपटं असतील, त्यावर सरकारी शिक्का असेल, तर पूर्ण संच एकत्र ठेवा, सुटा सुटा देऊ नका.

प्रश्न : आजोबा लातूरला रेल्वेत होते, त्यांचा कंदील आहे, त्यावर इंग्रजीत बी.एल.आर. लिहिलंय. याला काही किंमत आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आहे, आणि लातूरकरांनी तर जपावा. बी.एल.आर. म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, 1897 ला बार्शीत सुरू झाली आणि पुढं 1911 ला लातूरपर्यंत आली. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या गाडीचा मोठा वाटा. 1954 ला ती सरकारनं घेतली, म्हणजे अक्षरं खरी असतील तर कंदील त्याआधीचा. खरी का बघायला असं बघा की अक्षरं पत्र्यात ठोकलेली आहेत का, आणि खाचेत तीच जुनी काजळी आणि मळ आहे का. नवे पितळी 'रेल्वे कंदील' बाजारात ढीगभर आहेत, त्यांची अक्षरं चकचकीत आणि कडा धारदार असतात. आपल्याकडं एन.एस.आर. शिक्क्याची कुलपंही निघतात, ती निजामाच्या रेल्वेची. कंदिलाला नवा रंग देऊ नका. आजोबांचं नोकरीचं कार्ड, पगाराची पावती, फोटो जे काय असेल ते कंदिलासोबत ठेवा.

प्रश्न : विहिरीचं काम चालू असताना कोरीव दगड आणि मणी, मातीची खेळणी निघाली. एक दुकानदार रोख द्यायलाय. तुम्ही घेता का? (एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : नाही घेत. आणि जो घेतो म्हणतो त्याला विचारा की लायसन्स कुठंय, शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला ते लागतं. जमिनीत सापडलेल्या गोष्टींसाठी तर 1878 पासूनचा कायदा आहे, किंमत दहा रुपयांच्या वर असेल तरी कलेक्टरला कळवावं लागतं. तुम्ही तहसीलला लेखी कळवा, पोच घ्या.

काम तेवढ्या जागेपुरतं थांबवा. किती खोल निघालं, कोणत्या बाजूला, मातीचा रंग कसा होता, बाजूला स्केल ठेवून फोटो, हे करून ठेवा, कारण मणी बाजारात गेला की तो नुसता मणी राहतो, तुमच्या शिवारात किती जुनी वस्ती होती हे मात्र कायमचं कळेनासं होतं. तुमच्याच जिल्ह्यात तेर आहे, जुन्या ग्रीक लिखाणात तगर म्हणून ज्याचं नाव येतं ते. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नाल्यात, पांढरीत सापडलेलं सगळं गोळा केलं, जपलं, आणि आज त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय तेरमधेच उभं आहे, सातवाहन काळातली मातीची चित्रं, शिक्के, मणी. घरच्यांना घेऊन एकदा बघून या, मग तुमच्या हातात काय आहे ते कळेल. दगडाला शेंदूर लावू नका, धुवून घासू नका, पारात सिमेंटनं बसवू नका.

बऱ्याच जणांचं एकच: हस्तिदंताची डबी, सांबरशिंग, वाघनख, कातडं. विकू नका, घेऊ नका, वन्यजीव कायद्यात खरेदीविक्री बंद आहे. घरात वारशानं आलंय आणि कागद नाही तर वनविभागाकडं जाऊन विचारा. फोटोही पाठवू नका.

मोठ्या पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन : हल्ली जे चकचकीत दिसतात ते बहुतेक नवे जोडलेले. जुन्या काळ्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका, त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमधे लाख विरघळते. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

प्रश्न : वाड्यात मोडी आणि उर्दू कागदांची गाठोडी आहेत. वाळवी लागायलीय. लॅमिनेट करून घ्यावेत का? (एक वाचक, अंबड)

उत्तर : लॅमिनेट अजिबात नको, गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद परत मोकळा होत नाही. सेलोटेपही नको, दोनचार वर्षांत पिवळी पडून कागद घेऊन निघते. गाठोडं आधी सावलीत मोकळं करा, मऊ ब्रशनं माती आणि वाळवी झाडा, औषध कागदावर मारू नका, कपाटाला मारा. लाल-पिवळ्या कापडात बांधण्यापेक्षा रंग न जाणारं पांढरं सुती कापड वापरा, आणि बांधताना ज्या क्रमानं कागद निघाले तोच क्रम ठेवा, एका गाठोड्यातला कागद दुसऱ्यात घालू नका, कारण ज्यानं ते बांधलं त्याच्या हिशेबानं ते एकत्र आहेत. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि मोडी वाचणाऱ्याकडं फोटो पाठवा, मूळ कागद पाठवू नका.

निजामी कागदावर साल फसली, म्हणजे महसुली, असतं, त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतं, म्हणजे 1340 फसली दिसलं तर 1930 च्या आसपासचा कागद. त्यात जमिनीचं, वतनाचं, जातीच्या नोंदीचं काही असू शकतं, तेव्हा वाचून होईपर्यंत एकही कागद रद्दीत देऊ नका आणि कुणी "बघून परत देतो" म्हणून गाठोडं मागितलं तर घरीच बसून बघायला सांगा.